भय, संशय आणि साक्षात्कार : शुभवर्तमानांतील पुनरुत्थानकथांचा एक विचार

१

मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट हा नव्या कराराच्या अभ्यासातील एक जुना वादविषय आहे. ज्या ग्रीक हस्तलिखितांना आज विशेष प्रमाण मानले जाते त्यांपैकी चौथ्या शतकातील दोन, व्हॅटिकन पोथी आणि सिनाई पोथी, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबतात. येशूच्या देहाला सुगंधी द्रव्ये लावण्यासाठी तीन स्त्रिया पहाटे कबरेपाशी येतात. शिळा सरकलेली त्यांना दिसते. आत शुभ्र वस्त्रे ल्यालेला एक तरुण त्यांना सांगतो की, ज्याला त्या शोधीत आहेत तो उठला आहे, आणि हे वृत्त शिष्यांना व पेत्राला जाऊन कळवावे. स्त्रिया थरथर कापत बाहेर पडतात, पळतात, आणि भयापोटी कोणाला काहीच सांगत नाहीत. येथे ग्रंथ संपतो. पुनरुत्थित येशूचे दर्शन नाही, शिष्यांची भेट नाही, आशीर्वाद नाही. मराठी पुराणकथांत वाढलेल्या वाचकाला अखेरीस फलश्रुतीची अपेक्षा असते. येथे फलश्रुती तर नाहीच, उलट वार्ता पोहोचविण्यासाठी निवडलेल्या माणसांचे मौन आहे.

या शेवटाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका पक्षाच्या मते ग्रंथ अपुरा राहिला, किंवा त्याचे अखेरचे पान हरवले. दुसऱ्या पक्षाच्या मते मार्कने तो जाणूनबुजून येथे थांबविला. आर. एच. लाइटफूट या इंग्रज अभ्यासकाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या पक्षाचे समर्थन केले. फ्रँक कर्मोड या साहित्यसमीक्षकाने १९७९ साली हाच शेवट कथनमीमांसेचा प्रश्न म्हणून चर्चेला घेतला. या वादाच्या मुळाशी केवळ पाठनिर्णयाचा प्रश्न नाही. दैवी तत्त्वाच्या सान्निध्यात माणसाला वाटणारे भय आणि त्याच्या मनात उठणारा संशय हे श्रद्धेतील वैगुण्य आहे की श्रद्धेच्या अनुभवाचाच तो एक घटक आहे, हा खरा प्रश्न आहे. मार्कचा शेवट अपुरा मानणाऱ्याने बहुधा पहिले उत्तर नकळत गृहीत धरलेले असते. म्हणून मार्कने भयाची योजना कशी केली आहे, आणि इतर तीन शुभवर्तमानकारांनी ती कशी बदलली आहे, हे ग्रंथांच्या आधारे तपासणे अगत्याचे ठरते.

२

शेवटचे वाक्य अपुरे आहे असे म्हणणाऱ्यांचा एक आधार भाषिक होता. ग्रीकमध्ये हे वाक्य 'गार' या कारणवाचक अव्ययाने संपते. हे अव्यय वाक्यारंभी येत नाही, सामान्यतः दुसऱ्या स्थानी येते; येथे वाक्यच दोन शब्दांचे असल्यामुळे दुसरे स्थान अखेरचे झाले आहे. असे वाक्य लिहिता येते यात शंका नाही. परंतु संबंध ग्रंथ या अव्ययावर संपेल काय, असा आक्षेप होता. प्लोटायनसचा एक प्रबंध याच शब्दाने संपतो हे १९७२ साली दाखवून देण्यात आल्यावर या आक्षेपाचा जोर ओसरला. मराठी वाचकाला तर ही रचना मुळीच विचित्र वाटू नये. 'भीती वाटली म्हणून' असे म्हणून वाक्य थांबविणे मराठीत सहज घडते, आणि अशा वाक्यानंतर ऐकणारा क्षणभर पुढच्या शब्दाची वाट पाहतो, हेही खरे आहे. मार्कच्या शेवटाचा परिणाम नेमका असाच आहे.

तथापि असे वाक्य शक्य आहे एवढ्यावरून ते हेतुपूर्वक लिहिले आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी ग्रंथातील इतर भयप्रसंगांकडे वळले पाहिजे.

चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग प्रथम घ्यावा. नावेत पाणी भरू लागते, शिष्य घाबरून येशूला जागे करतात, तो वाऱ्याला दटावतो, समुद्र शांत होतो. यानंतर येशू शिष्यांना त्यांच्या भित्रेपणाबद्दल व श्रद्धेच्या अभावाबद्दल विचारतो. येथे मूळ शब्द 'देइलोस' आहे. त्याचा अर्थ भित्रा, भ्याड असा होतो. मार्कने तो संबंध ग्रंथात याच एका ठिकाणी वापरला आहे. परंतु प्रसंग येथे संपत नाही. वादळ शमल्यावर शिष्यांना मोठे भय वाटले असे मार्क सांगतो, आणि तेथे तो 'फोबोस' हा शब्द योजतो. म्हणजे पाणी नावेत शिरत असतानाचे भय निराळे आणि पाणी निवल्यावरचे भय निराळे. पहिले प्राणभय आहे आणि त्याला दोष लागतो. दुसरे, समोर कोण उभा आहे हे न उमगल्यामुळे वाटणारे भय आहे. त्याला दोष दिला जात नाही. किंबहुना त्या भयातूनच, हा आहे तरी कोण, हा प्रश्न शिष्यांच्या तोंडून बाहेर पडतो. संबंध शुभवर्तमान ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहते, तो शिष्यांच्या मुखी प्रथम भयातून येतो.

हीच कथा मत्तयाने सांगितली आहे. मार्कचा ग्रंथ मत्तयापुढे होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे मान्य केले तर मत्तयाने केलेला बदल बोलका ठरतो. त्याने भित्रेपणाचा ठपका वादळ शमण्यापूर्वी आणला आणि नंतरच्या भयाच्या जागी आश्चर्य घातले. लूकने मध्यममार्ग पत्करून भय आणि आश्चर्य एकत्र ठेवले. मार्कला जे भय आवश्यक वाटले ते त्याच्यानंतरच्या कथनकारांना सौम्य करावेसे वाटले, असे यावरून अनुमान होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'देइलोस' म्हणजे निंद्य आणि 'फोबोस' म्हणजे वंद्य, असा सरळ नियम मार्कमध्ये नाही. पाचव्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या मुलीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा येशू त्याला भय सोडून श्रद्धा ठेवण्यास सांगतो, आणि तेथील क्रियापद 'फोबोस'च्याच कुळातले आहे. म्हणून भेद शब्दांत न शोधता भयानंतर माणूस काय करतो यात शोधावा लागतो. तोच पाचवा अध्याय याची दोन विरुद्ध उदाहरणे देतो. भूतग्रस्त माणूस शुद्धीवर येऊन बसलेला पाहून त्या प्रदेशातील लोकांना भय वाटते, आणि ते येशूला आपल्या सीमेबाहेर जाण्याची विनवणी करतात. त्याच अध्यायात पुढे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीत त्याच्या वस्त्राला स्पर्श करून बरी होते. आपल्या बाबतीत काय घडले हे जाणून तिला भय वाटते, ती थरथर कापते, आणि तशीच पुढे येऊन सर्व सत्य सांगून टाकते. भय दोन्हीकडे सारखे आहे. एकीकडे ते दैवी सान्निध्याला दूर लोटते आणि दुसरीकडे त्याच्यासमोर वाचा फोडते.

आता कबरेपाशी परतावे. तेथील स्त्रियाही थरथरतात आणि त्यांनाही भय वाटते. मार्कने त्या रुग्ण स्त्रीसाठी योजलेल्या शब्दांच्या कुळातलेच शब्द येथे पुन्हा आले आहेत. परंतु तिने सर्व सांगितले आणि यांनी काहीच सांगितले नाही. ज्या वाचकाने पाचवा अध्याय लक्षपूर्वक वाचला आहे त्याला अखेरच्या वाक्यात भयाची दुसरी वाटही दिसते. भयामुळे मौन अटळ होते असे नाही, हे ग्रंथाने त्याला आधीच दाखविले आहे.

याहून महत्त्वाचा धागा दहाव्या अध्यायात सापडतो. यरुशलेमेच्या वाटेवर येशू पुढे चालत आहे आणि मागून येणारे भयभीत आहेत, असे एक लहानसे चित्र मार्कने तेथे रेखाटले आहे. पुढे चालण्याचे तेथील क्रियापद आणि कबरेतील तरुणाने सांगितलेले, तो गालिलात तुमच्यापुढे जात आहे, यातील क्रियापद एकच आहे. भयाचे क्रियापद तर दोन्ही ठिकाणी रूपानेही एकच आहे. येशू पुढे जातो आणि मागच्यांना भय वाटते, हा संबंध पुनरुत्थानाच्या दिवशी प्रथम निर्माण होत नाही. शिष्यत्वाच्या वाटेवर तो आधीपासून आहे. फरक इतकाच की, दहाव्या अध्यायात भयभीत माणसे मागून चालत राहतात आणि सोळाव्यात ती पळून जातात. गेथशेमाने येथे पुरुष शिष्य पळाले त्या वेळचे क्रियापदही येथे पुन्हा आले आहे. क्रूसाजवळ दुरून का होईना, पण उभ्या राहिलेल्या या स्त्रिया निष्ठेच्या कसोटीला शेवटपर्यंत उतरलेली माणसे होत्या. अखेर त्याही पळाल्या.

लाइटफूटने या भयाचा अर्थ मुख्यतः आदरयुक्त विस्मय असा लावला. त्यात तथ्य आहे. परंतु तो अर्थ स्त्रियांच्या मौनाला पुरेसा न्याय देत नाही. त्यांना एक काम सांगितले होते आणि ते त्यांनी केले नाही. उलट, हे भय म्हणजे केवळ कर्तव्यच्युती असे म्हणणारे टीकाकार, त्या स्त्रियांनी जे ऐकले त्याचे असामान्यत्व विसरतात. मार्कच्या वाक्यात दोन्ही अर्थ आहेत आणि त्याने त्यांची निवड केलेली नाही. मात्र ज्या अर्थी ही वार्ता वाचकापर्यंत पोहोचली आहे, त्या अर्थी ते मौन कोठेतरी संपले असले पाहिजे. ते कसे संपले हे न सांगता मार्क वाचकाला त्याच वाटेवर आणून उभा करतो.

३

प्राचीन वाचकांना हे सहन झाले नाही, असे पाठपरंपरा सांगते. उत्तरकालीन बहुसंख्य हस्तलिखितांत आठव्या वचनापुढे बारा वचने आढळतात. इ. स. १८० च्या सुमारास इरिनेयसला या भागाची ओळख होती, म्हणजे ती भर बरीच जुनी आहे. परंतु तिची शब्दकळा भिन्न आहे, आणि नुकतीच उल्लेखिलेली मरिया मग्दालिया तेथे जणू प्रथमच प्रवेश करीत असल्याप्रमाणे तिची नव्याने ओळख करून दिली आहे. या बारा वचनांत भय नाहीसे झाले आहे. संशय आहे, परंतु तो दोषरूपाने आहे. अकरा शिष्यांना त्यांच्या अविश्वासाबद्दल स्पष्ट दटावणी मिळते, आणि लगेच चमत्कारांची ग्वाही देऊन ग्रंथ निश्चितपणे मिटतो. सध्या वॉशिंग्टन येथे असलेल्या एका प्राचीन पोथीत तर या दटावणीनंतर शिष्यांनी आपल्या बाजूने दिलेली सबबही घातली आहे. दटावणी कठोर वाटून कोणीतरी ती सौम्य केली असावी. कोरा राहिलेला शेवट भरून काढण्याची ही धडपड वाचकाच्या अस्वस्थतेचाच पुरावा आहे.

४

इतर तीन शुभवर्तमानांनी मात्र भय आणि संशय पुसून टाकलेला नाही. प्रत्येकाने त्याला आपापले स्थान दिले आहे.

मत्तयाच्या कथेत स्त्रिया भयाने आणि मोठ्या आनंदाने कबरेपासून निघतात आणि शिष्यांना सांगण्यासाठी धावतात. मार्कच्या भयाशेजारी आनंद येऊन बसला आणि मौनाचे धावण्यात रूपांतर झाले. परंतु मत्तयाचे खरे धैर्य त्याच्या अखेरच्या दृश्यात आहे. गालिलातील डोंगरावर शिष्य येशूला पाहतात, त्याला नमन करतात, आणि तेथेच संशयही आहे. तो संशय काहींचा की सर्वांचा, याविषयी मूळ ग्रीक वाक्यरचना संदिग्ध आहे. येथील 'दिस्ताझो' हे क्रियापद संबंध नव्या करारात केवळ दोनदा आले आहे, आणि दोन्ही वेळा मत्तयाकडेच. पहिल्यांदा ते पाण्यावरून चालता चालता बुडू लागलेल्या पेत्रासाठी आले आहे. त्याच्या मुळाशी 'दोन' ही कल्पना आहे. संस्कृत 'द्वि'शी सगोत्र असलेला ग्रीक शब्द त्यात आहे, म्हणून मराठीतील 'द्विधा' हा शब्द त्याच्या फार जवळचा ठरतो. पेत्राने चालण्याचे नाकारले नव्हते. तो चालत होता आणि त्याच वेळी वाऱ्याकडेही पाहत होता. डोंगरावरील शिष्यही नमन करीतच द्विधा आहेत. आणि येशू त्यांची विभागणी करीत नाही. संशय घेणाऱ्यांना वगळून उरलेल्यांना तो कार्य सोपवीत नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्या संमिश्र समुदायालाच मिळते. ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या मूळ आज्ञेच्या शेजारच्याच वाक्यात संशयाची नोंद करून ठेवण्याचे मत्तयाला वरवर पाहता काहीच कारण नव्हते. ती नोंद राहिली, याचे वाङ्मयीन मोल मोठे आहे.

लूकची दृष्टी अधिक मानसशास्त्रीय आहे. त्याच्याकडे स्त्रिया वार्ता सांगतात, पण प्रेषितांना ती बाष्कळ बडबड वाटते. पुढे येशू स्वतः प्रकटतो तेव्हा आपण भूत पाहत आहोत असे वाटून ते घाबरतात. त्याने हातपाय दाखविल्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. आणि त्याचे कारण लूक देतो ते आनंद हे होय. आनंदामुळे अविश्वास हे निरीक्षण सूक्ष्म आहे. फार दिवस हरवलेले माणूस दारात उभे राहिले की डोळ्यांवर विश्वास बसत नाही, तो संशय प्रतिकूल नसतो. अशा मनाला युक्तिवादाचा उपयोग नसतो, हे लूक जाणतो. त्याच्या कथेत येशू भाजलेल्या माशाचा तुकडा मागून घेतो आणि त्यांच्यादेखत खातो. शास्त्रवचनांचे विवरण त्यानंतर येते.

योहानाने संशयाला एक नाव आणि चेहरा दिला. थोमा हा पुढील परंपरेत संशयी माणसाचा नमुना ठरला. परंतु कथेचे बारकाईने वाचन केले तर तो अन्याय आहे असे म्हणावे लागते. पहिल्या भेटीच्या वेळी थोमा हजर नव्हता, आणि त्या वेळी येशूने इतर शिष्यांना आपले हात व कूस दाखविली होती. म्हणजे इतरांना जे न मागता मिळाले, मुख्यतः तेच थोमा मागतो. स्पर्शाची अट ही त्याची अधिक मागणी. आठ दिवसांनी येशू त्याच्यासमोर येऊन ती अट मान्य करतो. थोमाने प्रत्यक्ष स्पर्श केला असे योहान सांगत नाही. १६०१-०२ च्या सुमारास काराव्हाज्जोने रंगविलेल्या चित्रात थोमाचे बोट जखमेत शिरलेले आहे, आणि अनेकांच्या मनात कथा याच रूपाने ठसली आहे. ग्रंथात मात्र आमंत्रणानंतर थेट थोमाची कबुली येते, आणि येशूला प्रभू व देव म्हणणारी ती कबुली त्या शुभवर्तमानाचा कळस आहे. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे येशू यानंतर म्हणतो. त्या बोलण्यात थोमाला सौम्य चपराक आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते धन्योद्गार ज्यांच्यासाठी आहेत त्या पुढील वाचकांपर्यंत थोमाची कबुली पोहोचली ती त्याच्या हट्टामुळेच, हेही विसरता येत नाही.

५

या अनुभवाची मीमांसा करताना रूडोल्फ ऑटोच्या १९१७ सालच्या 'पवित्र तत्त्व' या अर्थाच्या जर्मन ग्रंथाचा आधार घेण्याची प्रथा आहे. पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि आकर्षण एकत्र असतात हा ऑटोचा सिद्धांत होय. आणि त्याने गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही विचार केला असल्यामुळे मराठी अभ्यासकाला ही तुलना सहज सुचते. विश्वरूपदर्शनानंतर अर्जुनालाही एकाच वेळी हर्ष आणि भय वाटते. ज्ञानेश्वरांनी तर या भयावर श्रीकृष्णाकडून प्रेमळ ठपका ठेवविला आहे. अमृताचा समुद्र लाभला असता बुडण्याच्या धास्तीने तो कोणी टाकून जातो काय, अशा आशयाचा दृष्टान्त तेथे आहे. मत्तयाच्या स्त्रियांचे भय आणि आनंद यांच्याशी या वर्णनाचे साम्य उघड आहे.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक उद्बोधक आहे. अर्जुनाने दर्शन मागितले होते आणि त्यासाठी त्याला दिव्य दृष्टी मिळाली होती. कबरेकडे गेलेल्या स्त्रियांनी काहीच मागितले नव्हते. त्या एका मृतदेहाचे अखेरचे संस्कार करण्यास निघाल्या होत्या, आणि शिळा कोण सरकवील एवढीच त्यांची काळजी होती. अर्जुनाचे भय अतिदर्शनाचे आहे. मार्कच्या स्त्रियांना प्रत्यक्ष काहीच दिसलेले नाही. त्यांच्यासमोर एक मोकळी जागा आहे आणि एक निरोप आहे. म्हणून अर्जुनाचे भय सौम्य रूप पुन्हा पाहताच निवते. मार्कच्या स्त्रियांच्या भयाला असा उतारा नाही, कारण त्यांच्यापुढून मागे घ्यावे असे रूपच प्रकट झालेले नाही. त्या भयाला उतारा असलाच तर तो निरोप पोहोचविण्याच्या कृतीत आहे. ऑटोची मीमांसा अनुभवाच्या स्वरूपापाशी थांबते. शुभवर्तमानांतील भयाला मात्र एक जबाबदारी चिकटलेली आहे, आणि ती दृष्टीआड केली तर त्या कथांचे मर्म निसटते.

६

चारही शुभवर्तमानांच्या अखेरीचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, पुनरुत्थानाचे वृत्त शांत, निःशंक मनाने स्वीकारले गेले असे त्यांपैकी एकही सांगत नाही. मार्कमध्ये भय मौन होते, मत्तयात द्विधा मन नमन करते, लूककडे आनंदच अविश्वासाला कारण होतो, आणि योहानात सर्वांत उशिरा मानणारा माणूस सर्वांत मोठी कबुली देतो. प्रचारासाठी लिहिलेल्या ग्रंथांनी आपल्याच साक्षीदारांची ही दुर्बलता लपविली नाही. तिचे कारण ऐतिहासिक प्रामाणिकपणात शोधावे की धर्मशास्त्रीय हेतूत, हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला एवढे म्हणता येते की, या दुर्बलतेवाचून या कथा कल्पिल्या तर त्यांत घडणारी भेट ही भेट राहत नाही. जे आपल्या ओळखीच्या चौकटीत आधीच बसलेले असते त्याचे माणसाला भय वाटत नाही आणि त्याच्याविषयी संशयही येत नाही.

नवव्या अध्यायात मार्कने एका पित्याची कथा सांगितली आहे. पिशाच्चाने पछाडलेल्या मुलाला घेऊन आलेला तो पिता आपण विश्वास ठेवतो असे ओरडून सांगतो, आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासासाठी साहाय्य मागतो. येशू त्याला आधी अविश्वास दूर करून येण्यास सांगत नाही. मुलगा बरा होतो. सोळाव्या अध्यायाचे अखेरचे वाक्य या प्रसंगाच्या उजेडात वाचले असता ग्रंथ तुटला आहे असे मानण्याची गरज उरत नाही. भय वाटलेल्या माणसांपुढेच तो गालिलाच्या वाटेवर गेला आहे, एवढे सांगून मार्क थांबला आहे.